उभ्या गाडीला धक्का : चूक कोणाची, भरपाई कोणाची?

मार्केट यार्डात माल उतरवताना, गोदामाच्या दारात, मॉलच्या तळघरात, इस्पितळाच्या आवारात, शादीखान्याच्या पटांगणात किंवा जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या गर्दीत गाडीला गाडी घासते. वेग जेमतेम पाच-दहा किलोमीटरचा असतो. कोणाला इजा झालेली नसते, म्हणून अशा अपघाताला आपण 'किरकोळ' म्हणून सोडून देतो. दोन्ही मालक खाली उतरतात, आवाज चढतो, चार माणसे जमतात, एखादे वडीलधारे मध्ये पडतात आणि दोन-तीन हजारांवर मामला मिटतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला सांगतो की बंपरच्या आतला पत्राही वाकला आहे आणि खर्च पंधरा हजारांच्या खाली येणार नाही. तोपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो, त्याचा गाडी क्रमांकही कोणी टिपलेला नसतो.

ज्याची गाडी हेच ज्याचे दुकान आहे, त्या टेम्पोमालकाला किंवा फेरीच्या व्यापाऱ्याला हे नुकसान किरकोळ नसते. दुरुस्तीचा खर्च एकीकडे आणि गाडी गॅरेजात उभी असेपर्यंतची बुडालेली भाडी दुसरीकडे. म्हणून या लेखात आम्ही पार्किंगच्या जागेतील अपघात आणि विमा यांचा हिशेब मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. 'चूक कोणाची' हा एक प्रश्न आहे आणि 'पैसे कोण देणार' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चालकांच्या वागण्यावरून ठरते, दुसऱ्याचे तुमच्या पॉलिसीच्या कागदावरून. अनेकांचे नुकसान होते ते हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे. 'माझी चूक नव्हती, मग विमा कंपनी पैसे का देत नाही?' ही तक्रार त्याच गैरसमजातून येते.

पार्किंगची जागा 'सार्वजनिक' आहे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी वाहन वापरायचे असेल तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो घ्यावा की न घ्यावा हा प्रश्नच उरत नाही. पण मॉलचे तळघर, कारखान्याचे आवार, सोसायटीचा चौक या खासगी मालकीच्या जागा आहेत, तेव्हा तेथे हा कायदा लागतो का, अशी शंका घेतली जाते.

कायद्यातील व्याख्या मालकी कोणाची हे विचारत नाही, लोकांना तेथे जाण्याचा हक्क आहे की नाही हे विचारते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली या शब्दांचा अर्थ विस्ताराने लावला. जेथे लोकांना या ना त्या कारणाने प्रवेश मिळतो, मग त्यावर पहारेकऱ्याचे किंवा पासाचे नियंत्रण का असेना, ती जागा सार्वजनिक धरावी, असा त्याचा आशय आहे. म्हणून 'अपघात आमच्या आवारात झाला, येथे कायदा लागत नाही' असे कोणी सांगितले तर ते निमूटपणे मान्य करू नये.

दुसरी शंका अशी की गाडी उभी होती, मग तिचा 'वापर' चालू होता असे कसे म्हणायचे? १९८७ साली महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर होऊन टँकर कडेला कलंडला. पेट्रोल गळत राहिले, काही तासांनी स्फोट झाला आणि जवळ जमलेल्यांचे प्राण गेले. भरपाईच्या दाव्यात बचाव असा होता की स्फोटाच्या वेळी टँकर चालू नव्हता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. वाहन थांबलेले असले तरी त्याचा वापर चालू असू शकतो, हे तेव्हापासून ठरलेले आहे.

चूक कशी ठरते?

अमुक प्रकारच्या धडकेत अमुक टक्के चूक, असे कोष्टक आपल्या कायद्यात नाही. प्रत्येक चालकाने योग्य ती काळजी घेतली का, एवढेच पाहिले जाते. तरीही पार्किंगमधील नेहमीच्या प्रकारांत कल कोणाकडे झुकतो हे सांगता येते.

एक : नीट उभ्या असलेल्या गाडीला चालत्या गाडीने ठोकले. येथे जबाबदारी जवळजवळ नेहमी चालत्या गाडीवर येते. मात्र उभी गाडी वळणाच्या तोंडावर, निघण्याच्या वाटेवर किंवा रात्री दिव्याशिवाय अडचणीच्या जागी लावलेली असेल तर तिच्या मालकाकडेही चुकीचा काही वाटा जातो. अशा वेळी भरपाईची रक्कम त्या प्रमाणात कमी होते.

दोन : रांगेतून मागे निघणारी गाडी आणि मधल्या वाटेने येणारी गाडी यांची टक्कर. मागे जाताना कोणालाही धोका होणार नाही याची खात्री करून घेणे ही मागे जाणाऱ्याची जबाबदारी आहे. 'मागचे दिसत नव्हते' हा बचाव होत नाही. दिसत नव्हते तर खाली उतरून पाहायचे किंवा माणूस उभा करायचा होता. पण मधल्या वाटेने येणारा भरधाव असेल किंवा बाणाच्या उलट दिशेने आला असेल तर चूक दोघांत वाटली जाते.

तीन : दोन्ही गाड्या एकाच वेळी मागे निघाल्या आणि पाठीला पाठ लागली. येथे बहुधा दोघेही दोषी. एक आधीच थांबला होता आणि हॉर्न देत होता, हे चित्रीकरणावरून किंवा साक्षीदारावरून सिद्ध झाले तर मात्र पारडे फिरते.

चार : उभ्या गाडीचे दार अचानक उघडले आणि येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळला. दार उघडणाऱ्याने आधी मागे पाहिले पाहिजे. दार प्रवाशाने उघडले असले तरी प्रकरण गाडीमालकापर्यंत येऊ शकते. या प्रकारात इजा गंभीर होते, म्हणून त्याला किरकोळ समजू नये.

पाच : उतारावर लावलेली गाडी आपोआप घरंगळली. कलम १२६ नुसार चालकाच्या जागेवर परवानाधारक बसलेला नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय किंवा गाडी हलणार नाही अशी व्यवस्था केल्याशिवाय ती सार्वजनिक जागी सोडता येत नाही. 'कोणीच चालवत नव्हते, मग चूक कोणाची?' याचे उत्तर येथे मिळते. जो ती तशी सोडून गेला, त्याची.

सहा : गाडी क्लीनरने मागे घेतली. हा प्रकार आपल्या बाजारांत रोजचा आहे आणि सर्वांत महाग पडणाराही हाच. ड्रायव्हर चहाला गेलेला असतो, मागचा ट्रक हॉर्न देतो आणि परवाना नसलेला पोरगा गाडी हलवतो. चूक क्लीनरची असली तरी मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. अशा वेळी थर्ड पार्टीला कंपनीकडून रक्कम मिळाली तरी ती नंतर तुमच्याकडून वसूल होऊ शकते आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचा दावा नाकारला जातो. किल्ली खिशात घेऊन चहाला जाण्याची सवय ड्रायव्हरला लावावी, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

परवान्याबाबत एक समाधानाची बाब. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. लहान टेम्पोचा दावा केवळ या कारणावरून नाकारला गेला तर या निकालाचा आधार घ्यावा.

पैसे कोण देणार?

आता दुसरा प्रश्न. पॉलिसी दोन प्रकारची असते. एक नुसती थर्ड पार्टी, आणि दुसरी पॅकेज, जिला लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात.

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान कंपनी भरते, तुमच्या गाडीचे नाही. मग चूक समोरच्याची असली तरी तुमची कंपनी तुम्हाला काही देणार नाही. तुम्हाला समोरच्याकडे आणि त्याच्या कंपनीकडे दाद मागावी लागते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे मोटारी व व्यापारी वाहनांना साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीला एक लाखापर्यंत संरक्षण असते. हप्त्यात थोडी सूट घेऊन ही मर्यादा अवघ्या ६,००० रुपयांवर आणता येते. थोडक्या रुपयांसाठी ही सूट घेऊ नये. आजच्या एखाद्या महागड्या मोटारीचा एक दिवाही त्या रकमेत येत नाही.

पॅकेज पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीची दुरुस्ती तुमचीच कंपनी करून देते, चूक कोणाचीही असो. धक्का देऊन पळून गेलेल्याचा पत्ता लागला नाही तरी हा मार्ग खुला असतो. सरकारी योजनेतून पळून गेलेल्या वाहनासाठी मिळणारी भरपाई फक्त मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी आहे, गाडीच्या नुकसानीसाठी नाही, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही गाड्यांच्या पॅकेज पॉलिसी असतील तर आपापल्या ग्राहकाची दुरुस्ती आपापल्या कंपनीने करायची, असा विमा कंपन्यांचा जुना प्रघात आहे. म्हणून 'समोरच्याच्या इन्शुरन्समधून करून द्या' हा हट्ट पॅकेज असलेल्याने धरला तर वेळ फार जातो.

मालवाहू वाहनांच्या मालकांसाठी पुढचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. व्यापारी वाहनाच्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट व बाजूचे भाग, बंपर, हेडलाइट आणि रंगकाम यांचे नुकसान, संपूर्ण गाडीच निकामी झाली नसेल तर, धरले जात नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून 'आय. एम. टी. २३' ही पुरवणी घ्यावी लागते. पार्किंगच्या धक्क्यात नेमके हेच भाग फुटतात. फुल इन्शुरन्स असूनही हाती काही आले नाही असे होण्यामागे बरेचदा ही न घेतलेली पुरवणी असते.

गाडीतील मालाचेही तसेच. मोटार पॉलिसी गाडीची असते, आत भरलेल्या मालाची नव्हे. दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल तुमच्या टेम्पोत असेल तरी तो तुमच्या ताब्यातील मानला जातो आणि थर्ड पार्टीच्या कक्षेत येत नाही. मालासाठी वेगळा वाहतूक विमा लागतो. उलट तुमच्या गाडीने रस्त्याकडेची हातगाडी उलटवली तर ती गाडी आणि तिच्यावरचा माल ही थर्ड पार्टीची मालमत्ता आहे. त्या गरीब विक्रेत्याला हाकलून न देता त्याचा हक्क त्याला मिळू द्यावा.

दावा करावा की नाही? एक हिशेब

प्रत्येक धक्क्यासाठी दावा करणे फायद्याचे नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १५०० सी.सी. पर्यंतच्या खासगी मोटारीचा बंपर फुटला. बिल असे : प्लास्टिकचा बंपर ५,००० रुपये, रंगाचे साहित्य २,००० रुपये, मजुरी २,००० रुपये, एकूण ९,००० रुपये. प्लास्टिक व रबरी भागांवर आणि रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे २,५०० आणि १,००० मिळून ३,५०० गेले, उरले ५,५००. त्यातून सक्तीची कपात १,००० रुपये. हाती आले ४,५००.

आता समजा या मालकाने पाच वर्षे दावा केलेला नाही, म्हणून त्याला ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. स्वतःच्या गाडीच्या भागाचा हप्ता १०,००० असेल तर तो ५,००० भरतो. दावा केला की बोनस शून्यावर येतो आणि पुढील वर्षी १०,००० भरावे लागतात. ४,५०० मिळवण्यासाठी एकाच वर्षात ५,००० गेले. त्यानंतरही बोनस २०, २५, ३५, ४५ असा पायरीपायरीने चढतो, म्हणजे तोटा पुढेही चालूच राहतो. घसारा न कापण्याची जादा पुरवणी घेतली असेल किंवा बिल मोठे असेल तर हिशेब बदलतो. म्हणून गॅरेजकडून आधी अंदाजपत्रक घ्यावे आणि मगच ठरवावे. तुमच्याविरुद्ध फक्त थर्ड पार्टीचा दावा झाला तर मात्र हा बोनस जात नाही.

किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली असेल तर

पे अँड पार्कच्या पावतीवर 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले असते. त्या छापील ओळीचे वजन किती?

तुम्ही गाडी स्वतः लावली, कुलूप लावले आणि किल्ली तुमच्याकडेच असेल, तर बहुधा तुम्ही फक्त जागेचे भाडे दिले आहे. पण किल्ली हॉटेलच्या किंवा हॉलच्या माणसाकडे सोपवली, तर गाडी त्यांच्या ताब्यात गेली. मग भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १५१ नुसार शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यांनी घेतलीच पाहिजे. १९९८ साली दिल्लीत एका पाहुण्याने हॉटेलच्या माणसाकडे किल्ली दिलेली मोटार चोरीस गेली. विमा कंपनीने पाहुण्याला पैसे दिले आणि मग हॉटेलकडून वसुलीसाठी ग्राहक आयोगात धाव घेतली. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरले. पावतीवर जोखीम मालकाची असे छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, आणि योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचे ओझे ताबा घेणाऱ्यावर आहे, हा त्याचा बोध. गाडी चोरीस न जाता तिला धक्का बसला तरी करार कायद्याचे हेच तत्त्व लागते.

आमच्या कारागीर बांधवांनी याच निकालाकडे उलट बाजूनेही पाहावे. गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, वॉशिंग सेंटर किंवा सीट-कव्हरचे दुकान चालवणाऱ्याकडे ग्राहक किल्ली देऊन जातो. ती गाडी तुमच्याकडे अमानत आहे. कामगाराने ती मागे घेताना भिंतीला घासली किंवा चाचणीसाठी बाहेर नेऊन ठोकली, तर 'भाऊ, तुमच्या इन्शुरन्समधून घ्या' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. अशा व्यवसायासाठी 'मोटर ट्रेड' नावाची स्वतंत्र पॉलिसी असते. तिच्यात रस्त्यावरचा धोका आणि आवारातला धोका असे भाग असतात. गाडी ताब्यात घेताना आधीचे ओरखडे ग्राहकासमोर कार्डावर लिहून त्याची सही घ्यावी, म्हणजे निम्मी भांडणे टळतील.

जागेवर काय करावे?

गाड्या हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. जमिनीवरचे पट्टे व बाण, चाकांची दिशा आणि दोन्ही क्रमांक त्यात दिसले पाहिजेत. समोरच्याचे नाव, परवाना व पॉलिसीचा क्रमांक आणि एका-दोघा साक्षीदारांचे फोन टिपावेत. जागेच्या व्यवस्थापकाकडे कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी, कारण जुने चित्रीकरण पुसून त्यावर नवे होत असते.

कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याची मालमत्ता बिघडली तर कलम १३४ नुसार चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, आणि पोलीस जागेवर नसतील तर जास्तीत जास्त २४ तासांत ठाण्यात माहिती द्यायची असते. विमा कंपनीलाही ताबडतोब लेखी कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागदावर 'चूक माझी, सर्व खर्च देईन' असे लिहून देऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करणे किंवा पैसे देण्याचे वचन देणे हा पॉलिसीच्या अटीचा भंग ठरतो. घडले ते खरे सांगावे, पण निवाडा स्वतः लिहून देऊ नये. इजा नसेल, नुकसान थोडे असेल आणि दावा करायचाच नसेल, तर आपसात मिटवण्यास हरकत नाही. तेव्हाही गॅरेजचा अंदाज आल्यावरच रक्कम ठरवावी आणि दोघांच्या सहीचा कागद करावा. समोरच्याकडून पूर्ण खर्च घेऊन पुन्हा तोच खर्च कंपनीकडून मागणे, किंवा क्लीनरच्या जागी परवानाधारकाचे नाव लावणे ही सरळ फसवणूक आहे. ती धंद्याची आणि माणसाची पत घालवते.

समोरच्याच्या कंपनीविरुद्ध दाद मागायची ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. बुडालेल्या भाड्याची रक्कम तुमची स्वतःची पॉलिसी देत नाही. ती समोरच्याविरुद्धच्या दाव्यातच मागावी लागते आणि वहीखात्यावरून शाबीत करावी लागते. ज्याच्या भाड्याच्या नोंदीच नाहीत त्याचे हे नुकसान बुडाले असे समजावे.

स्वतःच्या कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय मुंबईत आणि पुण्यातही आहे. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि एकट्याच्या मालकीचे व सूक्ष्म उद्योगही तक्रार करू शकतात.

वाचक बंधूंनी आज दुकान बंद केल्यावर आपली पॉलिसी कपाटातून काढावी आणि चार गोष्टी पाहाव्यात : ती नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मर्यादा किती, मालवाहू गाडी असल्यास आय. एम. टी. २३ आहे की नाही, आणि मुदत कधी संपते. यांतले काही उणे असेल तर पुढचा हप्ता भरताना ते पुरे करून घ्यावे. धक्का बसल्यानंतर ती संधी राहत नाही.